मुसाफिर आणि गाव

आमच्या दहिवलीत 'हॉटेल' म्हटले की चहा आणि वडापाव मिळण्याची जागा डोळ्यांपुढे येते. राहण्याच्या जागेला लॉज म्हणतात, आणि लॉजचे नाव घरात फारशा आदराने घेतले जात नाही. तिसरा एक शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे, तो म्हणजे मुसाफिरखाना. हजला निघालेली माणसे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि तिथून बोटीवर चढत. १९९५ नंतर बोटीने हजला जाणे बंद झाले, पण आमच्या आजीच्या बोलण्यातून मुसाफिरखाना काही गेला नाही. या तीन शब्दांत तीन वेगळी नाती आहेत. हॉटेलात माणूस गिऱ्हाईक असतो, लॉजमध्ये तो एका रात्रीचा भाडेकरू असतो आणि मुसाफिरखान्यात तो मेहमान असतो. घराबाहेर रात्र काढणारा माणूस खरोखर कोण असतो, आणि त्याला छप्पर देणारा त्याचे काय लागतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, एका फार देखण्या हॉटेलात.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन केपटाऊनला गेली. कोकणी मुसलमानांना यात नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून माणसे केपटाऊनला जात राहिली. कोणी फळे-भाजी विकली, कोणी किराणा दुकान टाकले. १९०२ च्या कायद्याने बंदरावर उतरणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहून दाखवावी लागू लागली, तरी ती जातच राहिली. तिथल्या जुन्या मलायी मुसलमानांचा मजहब शाफई, आपल्या कोकण्यांचाही शाफई. त्यामुळे नमाजेच्या सफीत उभे राहताना परकेपणा वाटला नसेल. परकेपणा मशिदीबाहेर भरपूर होता. आजही तिथे त्यांना 'कोकनी' म्हणूनच ओळखतात, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आपली बोली ऐकू येते.

काही वर्षांपूर्वी मी बहिणीकडे गेलो असताना भाच्याने आग्रह धरला. ''मामू, माउंट नेल्सनला एक रात्र राहून बघा. जुन्या केपटाऊनची शान आहे ती.'' त्याने आपल्या पगारातून खोली घेऊन ठेवली होती. नाही म्हणणे बरे दिसले नसते, आणि खरे सांगायचे तर नाही म्हणावे असे मला वाटतही नव्हते.

आदल्या रात्री जेवताना बहिणीच्या सासऱ्यांना हे सांगितले. मीही त्यांना चाचाच म्हणतो. चाचांचा जन्म डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतला. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली, आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत साठ हजारांवर माणसांना तिथून उठवून शहराबाहेरच्या वाळूत नेऊन टाकले. घरांवर बुलडोझर फिरला. उभी राहिली ती फक्त मशिदी आणि चर्चे. चाचा तरुणपणी भाजीचा धंदा करत. ते म्हणाले, ''असल्या बड्या हॉटेलांना मी भाजी घातलीय. मागच्या दाराने. पुढचे दार आम्हांला नव्हते. तू आत राहणार आहेस ना, मग एक काम कर. खोलीच्या खिडकीतून मागचे दार दिसते का, तेवढे बघून ये.''

मी हसलो. चाचा हसले नाहीत, पण रागावलेलेही दिसले नाहीत. त्यांना खरोखर उत्सुकता होती.

केपटाऊन ही दक्षिण आफ्रिकेच्या तीन राजधान्यांपैकी एक. संसद तिथे भरते. माउंट नेल्सन हॉटेल टेबल माउंटनच्या पायथ्याशी आहे. कॅसल कंपनीच्या आगबोटींचे धनी सर डोनाल्ड करी यांनी ते इंग्लंडहून येणाऱ्या श्रीमंत उतारूंसाठी उभारले आणि १८९९ च्या मार्चमध्ये ते उघडले. त्याच वर्षी बोअर युद्ध पेटले आणि ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांचा राबता तिथे सुरू झाला. वार्ताहर म्हणून आलेला तरुण चर्चिलही तिथे राहून गेला. पहिले महायुद्ध संपल्यावर इमारतीला गुलाबी रंग दिला गेला. १९२५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले, तेव्हा फाटकापासून पामच्या झाडांची दुतर्फा रांग लावली गेली. ती झाडे आता एवढी उंच आहेत की खालून चालणारा माणूस आपोआप सावकाश चालू लागतो.

त्या जागेची मला भुरळ पडली हे आधीच कबूल करतो. जाड भिंती, उंच छत, पावलांचा आवाज गिळणारे गालिचे, दुपारच्या चहाला चांदीच्या किटल्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आपण काही मागण्यापूर्वी ते समोर येत होते. नव्या हॉटेलात सोयी याहून जास्त असतील, पण जुन्या वास्तूत बसल्यावर आपल्यालाही काही वंशपरंपरा असल्यासारखे वाटू लागते. मोहाचे मूळ तिथेच असावे. मी नीट पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की त्या जुनेपणात आपोआप आलेले असे काहीच नाही. पितळेच्या मुठी रोज कोणी तरी घासते. जिन्याच्या कठड्याला कोणी तरी रोज फडके मारते. शंभर-सव्वाशे वर्षे रोज धूळ पुसली गेली म्हणून ती वास्तू 'जुनी आणि सुंदर' राहिली. नाही तर ती नुसती जुनी झाली असती. धूळ पुसणारे हात पाहुण्याला दिसू नयेत, याचीही तितकीच काळजी घेतलेली असते.

दुपारी चहा झाल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडलो. फाटकातून खाली उतरले की झाडांखालून जाणारा एक सरळ रस्ता लागतो. त्याच्या कडेला कंपनी गार्डन आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये जहाजांना भाजीपाला पुरवण्यासाठी ही बाग सुरू केली. चालत राहिले की उजव्या हाताला संसद येते, आणि रस्ता संपतो तिथे एक मोठी इमारत आहे. तिचे नाव स्लेव्ह लॉज. कंपनीने १६७९ मध्ये आपल्या गुलामांसाठी ती बांधली. हे गुलाम मादागास्करहून, मोझांबिकहून, जावा-सुमात्राच्या बाजूने आणले जात, तसेच आपल्या बंगालच्या, मलबारच्या आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही. आज तिथे संग्रहालय आहे. बाहेर उभा राहून मी मनात हिशेब केला. हॉटेलपासून इथपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल. एकाच झाडांच्या रस्त्याला, वर एक निवास आणि खाली एक. आमच्या दहिवलीत लॉज या शब्दाला मान नाही असे मी म्हटले. त्या शब्दाला इतका अंधार असू शकतो हे मला तिथे कळले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केपमधली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, आणि हॉटेल बांधले गेले १८९९ मध्ये. ते गुलामांकडून बांधून घेतले असे म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. प्रश्न एका हॉटेलचा नाहीच. शहराच्या ज्या सौंदर्याने मी सुखावलो होतो, त्याच्या हिशेबाच्या वहीत माझ्यासमोर एकच पान उघडले होते. दुसरे पान पाहायला मला वीस मिनिटे चालावे लागले, एवढेच.

तिथून जवळच बो-काप मोहल्ला आहे. डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीत मगरिबची नमाज पढलो. दक्षिण आफ्रिकेतली ही पहिली मशीद, अठराव्या शतकाच्या अखेरची. तिची जागा सार्ची फान द काप नावाच्या स्त्रीची. ती एका मुक्त झालेल्या गुलामाची मुलगी. ज्यांच्यासाठी शहरात एकही दार उघडे नव्हते, त्यांच्या मुलीने मिळालेली मालमत्ता दार उघडण्यासाठी दिली. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर सूफीसाहेबांचे देता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या इब्राहिमपट्टणला जन्मलेले, आमच्या कर्जतच्याच लोकललाईनवरच्या कल्याणला राहिलेले गुलाम मुहम्मद सूफी १८९५ मध्ये डर्बनला गेले. नदीकाठी मशीद बांधली, तशी मदरसा आणि यतीमखानाही काढला. केपटाऊनची हबीबिया मशीद त्यांच्याच कामातून उभी राहिली. परक्या मुलखात गेलेल्या कोकणी माणसाने आधी अनाथांसाठी छप्पर घातले.

रात्री हॉटेलात परत आलो. खिडकीचा पडदा सारला. समोर डोंगर होता, बाग होती, दिवे होते. मागचे दार दिसत नव्हते.

त्या मऊ पलंगावर मला लवकर झोप लागली नाही. चाचांना जे दार नव्हते, तसल्या दारातून मी आत आलो होतो. इथे आनंदाने झोपणे योग्य की अयोग्य? मनाने एकामागून एक तीन उत्तरे दिली.

पहिले उत्तर व्यवहाराचे. भाच्याने पैसे मोजले आहेत, कोणाचे देणे उरलेले नाही, झोप. पण पैशाने सगळा हिशेब मिटतो हे मला पटेना, कारण मी माथेरानच्या पायथ्याच्या तालुक्यात राहतो. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस आले, पाठोपाठ साहेबांचे बंगले झाले, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली, आणि त्या जुन्या बंगल्यांतल्या काहींची आज झोकदार हॉटेले झाली आहेत. वर मोटारींना बंदी. हवा स्वच्छ, लाल मातीचे रस्ते शांत. आणि त्या शांत रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढले. बसणारा प्रत्येक जण पैसे देत होता. तेवढ्याने ते योग्य ठरत असते, तर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ही प्रथा माणुसकीला सोडून आहे असे म्हणावे लागले नसते, आणि ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची सोय करा, असा आदेशही द्यावा लागला नसता. भाडे दिल्याने सेवा विकत मिळते. त्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी भाड्यात वळती होत नाही.

दुसरे उत्तर रागाचे. अशा जागी पाऊल टाकू नये, ज्या भिंतींनी आपल्या माणसांना बाहेर ठेवले त्या पडल्या तर पडू द्याव्यात. हा राग खोटा नाही. पण तो करायचा हक्क असलाच तर चाचांचा होता, आणि चाचांनी तर मला जाऊन ये म्हटले होते. दुसऱ्याच्या जखमेवर आपला राग पोसणे मला अप्रामाणिक वाटले.

तिसरे उत्तर विजयाचे. काल जे फक्त गोऱ्यांचे होते तिथे आज दहिवलीचा एक मुसलमान पाय पसरून झोपला आहे, हाच न्याय. हे उत्तर मनाला सर्वांत गोड वाटते, आणि म्हणूनच त्याची मला भीती वाटली. खुर्ची तीच राहिली, बसणारा बदलला. मागचे दार कुठे आहे हे मलाही दिसत नव्हते, मग माझ्यात आणि १८९९ च्या पाहुण्यात फरक काय उरला?

तिन्ही उत्तरे अशी एकेक करून निसटली, आणि मला सूरह कहफमधली भिंत आठवली. जुम्म्याला ही सूरह आपण वाचतो, पण सवयीने वाचतो. हजरत मूसा (अ.) आणि ते ज्ञानी पुरुष, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो, चालत चालत एका गावी पोचतात. भुकेले आहेत. गावकऱ्यांकडे जेवण मागतात. गाव पाहुणचार नाकारते. त्याच गावात एक भिंत कोसळायला आलेली असते. खिज्र ती सरळ उभी करून देतात. मूसांना राहवत नाही. निदान मजुरी तरी घ्यायची होती, असे ते म्हणतात. पुढे खिज्र कारण सांगतात. भिंत दोन अनाथ मुलांची होती, तिच्याखाली त्यांचा ठेवा पुरलेला होता, त्यांचा बाप नेक होता. मुले मोठी होईपर्यंत तो ठेवा सुरक्षित राहावा, अशी अल्लाहची मर्जी होती.

मूसांचा प्रश्न माझाच प्रश्न होता. ज्या गावाने भाकरी दिली नाही, त्याची भिंत का सावरायची? खिज्रांचे उत्तर असे की भिंत गावाची आहे असे तू गृहीत धरलेस, ती चूक. भिंत अनाथांची आहे.

मुंबईत काळा घोड्याला वॉटसन्स हॉटेलची इमारत आहे. लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून बोटीने आणला आणि १८७१ मध्ये युरोपियनांसाठी ते हॉटेल सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातला पहिला चित्रपट तिथे दाखवला गेला. पुढे हॉटेल गेले, खोल्यांतून वकिलांच्या कचेऱ्या आणि भाडेकरू आले, २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. पाडावी की जपावी हा वाद कोर्टापर्यंत गेला. 'आपल्याला आत न घेणाऱ्यांची इमारत, पडली तर काय बिघडले' असे म्हणणारे मला भेटले आहेत. पूर्वी मीही तसेच म्हटले असते. पण ते लोखंड उतरवणाऱ्या, जिने चढून पाणी पोचवणाऱ्या, पंखे ओढणाऱ्या माणसांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या मेहनतीची खूण म्हणून ती इमारतच काय ती आहे. वाली नसलेले श्रम म्हणजे अनाथच. भिंत वेळेआधी पडली तर खालचा ठेवा अनाथांना मिळत नाही. ज्यांनी भाकरी नाकारली तेच तो उचलतात आणि मग इथे असे काही नव्हतेच, असे सांगतात. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये हेच झाले. घरे पाडल्यावर आपण इथे राहत होतो हे सिद्ध करायला माणसांना जुन्या रस्त्यांच्या पाट्या जपाव्या लागल्या. १९९४ मध्ये एका चर्चमध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयात त्या पाट्या टांगलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणजे जुनी वास्तू जपावी, तिचे सौंदर्य मोकळ्या मनाने पाहावे, फक्त ती कोणाची ठेव आहे हे विसरू नये. एवढ्यावर मला समाधान वाटायला हवे होते आणि झोपही लागायला हवी होती. उत्तर बरोबर होते. पण त्यात एक सोय होती. त्या गोष्टीत मी स्वतःला मुसाफिराच्या जागी बसवले होते.

आपण ही कथा नेहमी भुकेल्या मुसाफिराच्या बाजूने वाचतो. गावाच्या बाजूने ती कोणी वाचत नाही. ते गावकरी कोण होते? राक्षस नसतील. कामाधंद्याची, लेकुरवाळी माणसे असतील. दोन अनोळखी माणसे दारात आली, कपडे धुळीने भरलेले, कुठली काय ठाऊक नाही. घरात बायका-मुले. नाही म्हणायला प्रत्येकाकडे चांगले कारण असणार.

आणि मग मला २००५ चा २६ जुलै आठवला. त्या दिवशी उल्हास नदीने पात्र सोडले. गाड्या बंद, वीज गेलेली, अंधारात पाण्याचा आवाज तेवढा. काठच्या झोपड्यांतून एक कातकरी कुटुंब आमच्या दारात आले. नवरा-बायको, तीन मुले, एक म्हातारी. विटभट्टीवर काम करणारी माणसे. आमच्या वाडीतही मजुरीला येत असत. रात्रभर थारा द्या, म्हणाले. आम्ही दिला. ओट्यावर ताडपत्री बांधून दिली, भात दिला, कोरडी चादर दिली. आतली खोली रिकामी होती. त्यात गव्हाची पोती आणि जुना पलंग होता. दाराला आतून कडी होती, ती मीच लावली. तेव्हा मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट आपण सवाबचे काम केले अशा भावनेने मी झोपलो. पाऊस वाऱ्याबरोबर ओट्यावर येत होता, हे सकाळी फरशी पाहून कळले. म्हातारी रात्रभर बसून होती. पाणी ओसरल्यावर जाताना तो माणूस हात जोडून म्हणाला, ''लई उपकार झाले.''

चौदा-पंधरा वर्षे ते वाक्य मी आभार म्हणून जपले होते. केपटाऊनच्या त्या पलंगावर ते पहिल्यांदा मला नीट ऐकू आले. माझ्या घरालाही पुढचे दार होते आणि मागचे दार होते. त्याला कायद्याची पाटी लावलेली नव्हती, म्हणून ते मला दिसत नव्हते. १९५३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत जे लिहून ठेवले आणि १९९० मध्ये जे पुसावे लागले, ते आमच्या ओट्यावर कोणी लिहिलेच नव्हते. मग ते पुसणार तरी कोण?

मी दोन गोष्टी सारख्या आहेत असे म्हणत नाही. लाखो माणसांना पिढ्यान्‌पिढ्या चिरडणारी राज्यव्यवस्था आणि एका रात्रीची कडी, यांत फार अंतर आहे. पण कडी लावणाऱ्याचे मन दोन्हीकडे सारखेच काम करते. 'त्यांची सोय तर केलीच आहे, फक्त वेगळी केली आहे.' वर्णभेदाच्या बाजूने बोलणारेही हेच म्हणत होते.

आज मुंबई-पुण्यात नाव ऐकल्याबरोबर भाड्याची खोली 'आत्ताच गेली' असे होते. आपल्यातल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी हा अनुभव घेतला आहे. माझ्या घरातही घेतला आहे. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे, हक्काने बोलले पाहिजे. पण तो मुलगा खोली न मिळता परत येतो तेव्हा आपण ज्या तळमळीने बोलतो, ती तळमळ आपल्याच मोहल्ल्यात घर मागायला आलेल्या दुसऱ्या बिरादरीच्या, हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्याच्या मुसलमानासाठी कुठे जाते? मुलीची सोयरीक आली की आपण आधी नमाज विचारतो की आडनाव आणि गाव? हुजूर (स.) यांनी मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा सांगितला, आणि यजमानावर ओझे होईपर्यंत राहू नये असे मेहमानालाही बजावले. दोघांनाही हद्द घालून दिली. मेहमानाची जात तपासण्याची अट त्यात कुठे नाही.

मग करायचे काय? मला एक छोटीशी घटना वाट दाखवणारी वाटते. १८९३ मध्ये गांधीजी दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी आफ्रिकेत गेले, तेव्हा जोहान्सबर्गच्या मोठ्या हॉटेलने जागा नाही म्हणून त्यांना परत पाठवले. पुढे प्रिटोरियात, त्याही राजधानीच्या शहरात, जॉन्स्टन नावाच्या गृहस्थाने आपल्या हॉटेलात एका रात्रीपुरती खोली दिली. अट एकच, जेवण खोलीतच घ्यायचे, कारण बाकीचे गोरे पाहुणे नाराज होतील. गांधीजींनी ते मान्य केले. पण जॉन्स्टनलाच चैन पडेना. तो जाऊन पाहुण्यांना विचारून आला आणि म्हणाला, त्यांची काही हरकत नाही, खुशाल खाली येऊन जेवा. गांधीजींनी आत्मकथेत हे सांगितले आहे. आपण ही गोष्ट जॉन्स्टनच्या चांगुलपणाची म्हणून ऐकतो. मला त्यातले ते जेवणाऱ्या टेबलावरचे अनाम पाहुणे महत्त्वाचे वाटतात. दार उघडणे त्या क्षणी त्यांच्या हातात होते. ते हॉटेलचे मालक नव्हते, कायदा करणारे नव्हते. ते फक्त आत बसलेले होते, आणि त्यांना विचारले गेले.

आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दाराच्या बाहेर असतो आणि कुठल्या ना कुठल्या दाराच्या आत. बाहेर असताना काय करावे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. दुःख ते शिकवते. आत असताना काय करावे, हे मात्र स्वतःलाच शिकवावे लागते, कारण आत ऊब असते. तिथे मनापासून बसावे, चहा प्यावा, वास्तूचे कौतुक करावे. फक्त कोणी दारात उभे राहिले आणि आपल्याला विचारले गेले, तर हरकत नाही म्हणावे. न विचारताच म्हणता आले तर अधिक चांगले.

सकाळी फजरनंतर थोडा वेळ झोप लागली. निघण्यापूर्वी खोली आवरायला आलेल्या बाईंना मी नाव विचारले, गाव विचारले. त्या थोड्या गोंधळल्या, मग पूर्वेकडच्या एका खेड्याचे नाव सांगून हसल्या. एवढ्याने काही बदलत नाही हे मलाही कळते.

घरी पोचल्यावर चाचांनी पहिला प्रश्न विचारला, ''दिसले का?''

''नाही चाचा. समोर फक्त डोंगर दिसत होता.''

''दिसत नसतेच,'' चाचा म्हणाले. ''ते आपणहून उठून बघायला जावे लागते.'' आणि पलंग मऊ होता का, चहा गरम होता का, हे त्यांनी अगदी आस्थेने विचारले.

दहिवलीला परतल्यावर मी आतल्या खोलीतली पोती हलवली. पलंगाला नवी दोरी मारून घेतली. त्यानंतर उल्हासला अनेकदा पूर आला आहे. ते कातकरी कुटुंब पुन्हा आमच्या दारात आले नाही. भट्टीच्या कामावर दूर कुठे गेले, असे त्यांच्या वाडीवर कळले. खोली अजून रिकामी आहे, पण तिला आता आतून कडी नाही.